वेई झेंगला वगळून तायझोंग शिकवता येत नाही

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इतिहास अभ्यास मंडळ, यांस

स. न. वि. वि.

एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाचा ‘प्राचीन चीन : राज्य आणि समाज’ हा चार श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर यंदापासून बंद, असं आपलं परिपत्रक वाचलं. मसुदा आला तेव्हा हरकतींसाठी सात दिवस दिले होते. मी पाचव्या दिवशी हरकत पाठवली, नंतर दोन स्मरणपत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, तेही संगणकाने आपलं आपण धाडलेलं : ‘आपला मेल प्राप्त झाला.’ आता चार लोकांसमोर लिहितो आहे, ते एवढ्याचसाठी.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगतो. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी हा पेपर एकवीस वर्षं शिकवला. मला चिनी येत नाही. इंग्रजी भाषांतरं वाचायची आणि मराठीत शिकवायचं, एवढीच माझी पुंजी. पहिल्या वर्षी चार विद्यार्थी होते. त्यातल्या दोघांनी पेपर घेतला तो दुपारची एस.टी. मिळते म्हणून. तरी त्या चौघांनीच मला पहिला धडा दिला. राज्यकर्त्याची चूक त्याला तोंडावर दाखवण्याला चिनीत ‘ज्येन’ म्हणतात. मी फळ्यावर त्याचा अर्थ लिहिला : कानउघाडणी. मागच्या बाकावरचा म्हणाला, “सर, कानउघाडणी थोरल्याने धाकट्याची करायची असते. इथं तर उलटं आहे.” खरंच होतं ते. सल्ला म्हणावं तर शब्द गुळगुळीत, टीका म्हणावं तर ती परकाही करतो, तक्रार माणूस स्वतःसाठी करतो. चाकरीत राहून, मालकाच्या भल्यासाठी, मालकालाच खडसावणं : याला मराठीत एक शब्द आम्हाला सापडला नाही. मग ‘ज्येन’च ठेवला.

पेपर बंद होतात, नवे येतात. नुसतं तेवढंच असतं तर मी घरी चरफडून गप्प बसलो असतो. पण त्याच्या जागी आपण जे आणलंय त्याने गप्प बसवेना. दोन श्रेयांकांच्या नव्या अनिवार्य ‘नेतृत्व आणि सुशासन’मध्ये तिसऱ्या घटकात अर्ध्या पानाचं टिपण आहे : ‘टीकेचे स्वागत करणारा नेता : सम्राट तायझोंग’. त्यात सातव्या शतकातल्या या तांग घराण्याच्या चिनी सम्राटाचं तीन आरशांचं प्रसिद्ध वचन आहे. ब्राँझच्या आरशात बघून पोशाख नीट करता येतो, इतिहासाच्या आरशात राज्यं का चढली नि पडली ते दिसतं, माणसाच्या आरशात आपलं बरंवाईट कळतं. खाली चौकटीत ‘निंदकाचे घर असावे शेजारी’. हे वचन ज्याच्या मरणावर उच्चारलं गेलं त्या वेई झेंगचं नाव मात्र कुठेच नाही. ‘आपल्या एका मंत्र्याच्या निधनानंतर’, एवढ्यात त्याची बोळवण. बोलणारा काढला, ऐकणारा ठेवला. माझ्या सगळ्या हरकती यातूनच निघतात.

पहिली हरकत या टिपणातल्या तायझोंगबद्दल आहे. त्याचं अर्धंच चरित्र आपण दिलंत, आणि ते अर्धं नेमकं त्याला आवडलं असतं असं आहे.

वेई झेंग (इ. स. ५८०–६४३) मुळात तायझोंगचा माणूसच नव्हता. तो थोरल्या भावाच्या, युवराज ली ज्येनचेंगच्या पदरी होता, आणि धाकट्याचा वेळीच बंदोबस्त करा असं त्यानेच युवराजांना सुचवलं होतं. ६२६ साली राजधानीच्या श्वानवू दरवाज्यापाशी धाकट्यानेच थोरल्याला मारलं आणि दोनेक महिन्यांत तो गादीवर बसला. आम्हा भावाभावांत कलागती का लावल्यास, असं त्याने वेई झेंगला बोलावून विचारलं. वेई झेंगचं उत्तर : युवराजांनी माझं ऐकलं असतं तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती. या उत्तरावर मान जायची, ती न जाता पद मिळालं. का मिळालं, हा खरा इतिहासाचा प्रश्न. तायझोंग मनाचा मोठा होता हे मला मान्य आहे. पण भावाच्या रक्तावरून चालत आलेल्या राजाला चांगला राजा म्हणून दिसण्याची गरजही होती. शिवाय सुई घराणं ५८१ ते ६१८ एवढ्यात आटोपलेलं त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सुईच्या यांगदीला कुणी चूक दाखवलेली खपत नसे, आणि कोरियातल्या गोगुर्योवर त्याने लागोपाठ तीन वर्षं मोहिमा काढून राज्य पोखरून टाकलं. गोगुर्यो हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच ६२६ मधला एक प्रसंग मी दर वर्षी दोन तास शिकवायचो. सैन्यभरतीत अठरा पूर्ण नसलेले, पण अंगापिंडाने थोराड मुलगेही घ्यावेत असं एका मंत्र्याने सुचवलं आणि सम्राटाने आदेश काढला. आदेश बाहेर पडायला वेई झेंगची सही लागत होती. त्याने केली नाही. आदेश तीन-चार वेळा गेला आणि परत आला. सम्राट भडकला. वेई झेंग म्हणाला, तळं उपसलं तर मासे मिळतील, पण पुढच्या वर्षी मासे राहणार नाहीत. वर त्याने हिशेब मांडला : महाराज विश्वासाने राज्य करू म्हणतात, पण गादीवर आल्यापासून इतक्या थोड्या दिवसांत किती वेळा शब्द मोडला! आदेश मागे घेतला गेला आणि सही नाकारणाऱ्याला सोन्याचं भांडं बक्षीस मिळालं. वर्गातले अर्धे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असायचे. त्यांचं लक्ष सोन्याच्या भांड्याकडे नसायचं, सहीकडे असायचं. त्यातला एक आज महसूल खात्यात अव्वल कारकून आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला : “सर, एका नस्तीवर प्रतिकूल अभिप्राय लिहिला. तळ्यातले मासे आठवले.” पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

ससाण्याची गोष्ट तर लहान मुलांनाही आवडेल. सम्राट हातावर एक देखणा ससाणा घेऊन खेळत होता. वेई झेंग येताना दिसला, तसा त्याने पक्षी अंगरख्यात दडवला. वेई झेंगने मुद्दाम कामाचं बोलणं लांबवलं. तो गेला तोवर ससाणा गुदमरून मेला होता. एकदा दरबारातून परतलेला सम्राट राणीसमोर पुटपुटला, या गावंढळ म्हाताऱ्याला मी एक दिवस मारणार आहे. राणी झांगसुन आत गेली, दरबारी पोशाख घालून बाहेर आली आणि तिने त्याचं अभिनंदन केलं : राजा शहाणा असला तरच मंत्री सरळ बोलतो. अशी वाक्यं ऐकली की मला वाटतं, ‘ज्येन’ची खरी उस्ताद तीच. पण तिच्याबद्दल आपल्या टिपणात ओळसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त दिली नाहीत.

आता चौकटीतल्या शेजारच्या घराविषयी. वेई झेंगच्या घराला धड दिवाणखाना नव्हता. तो शेवटच्या दुखण्याला टेकला तेव्हा सम्राटाने स्वतःसाठी चाललेलं छोट्या महालाचं बांधकाम थांबवलं आणि ते सामान वापरून पाच दिवसांत वेई झेंगचा दिवाणखाना उभा केला. ६४३ मध्ये तो वारला. शिलालेखाचा मजकूर सम्राटाने स्वतः लिहिला. आपलं टिपण इथे संपतं. इतिहास इथे संपत नाही.

वेई झेंगने ज्यांची शिफारस केली होती त्यांतला एकजण काही महिन्यांत राजद्रोहात सापडला, त्याला मारलं. मग कळलं, की सम्राटाला दिलेल्या खरमरीत अर्जांच्या नकला वेई झेंगने दरबारी इतिहासकाराला दाखवून ठेवल्या होत्या. म्हणजे हा माणूस मला सुधारत होता, की आपलं नाव इतिहासात कोरून घेत होता? तायझोंगचं डोकं फिरलं. आपली मुलगी वेई झेंगच्या मुलाला द्यायचं ठरलं होतं, ते त्याने मोडलं. आणि स्वतः मजकूर लिहिलेली ती शिळा आडवी पाडायला लावली. तीन आरशांचं वचन आणि ही पाडलेली शिळा, दोन्ही एकाच माणसाची. एक शिकवायचं तर दुसरं शिकवावंच लागतं.

६४५ च्या सुरुवातीला युआन श्वांग भारतातून परतला. पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून गेलेला, आपल्या शाळेच्या पुस्तकातला, तोच. लोयांगला तायझोंगने त्याची भेट घेतली तेव्हा फौज निघायच्या तयारीत होती. बरोबर चला, अशी सम्राटाने गळ घातली, त्याने नम्रपणे नकार दिला. फौज निघाली ती गोगुर्योवरच. आन्शीच्या किल्ल्याने दाद दिली नाही, थंडी पडली, धान्य सरत आलं, माघार घ्यावी लागली. परतताना तायझोंग म्हणाला, वेई झेंग असता तर त्याने मला ही मोहीम काढू दिली नसती. मग ती शिळा पुन्हा उभी केली. यांगदीची चूक वेई झेंग गेल्यावर दोनच वर्षांत तायझोंगनेही केली, एवढा त्या एका माणसाचा फरक.

दुसरी हरकत व्यवस्थेबद्दल. टिपण वाचून असं वाटतं की सगळं सम्राटाच्या स्वभावावर अवलंबून होतं. खुद्द त्या लोकांना तसं वाटत नव्हतं, म्हणून तर त्यांनी पदं निर्माण केली. ६२७ मध्ये तायझोंगने आदेश दिला, की वरिष्ठ मंत्री सम्राटाशी मसलत करतील तेव्हा ‘ज्येन’ करणारे अधिकारी तिथे हजर असलेच पाहिजेत. पुढे ६८५ मध्ये ‘शियी’ आणि ‘बूच्युए’ अशी पदं आली. शब्दशः अर्थ : सुटलेलं उचलणारा आणि उणं भरून काढणारा. शियीचा दर्जा आठव्या श्रेणीचा, म्हणजे उतरंडीत पार खालचा, आणि काम काय, तर सम्राटाच्या हातून निसटलेलं दाखवणं. कवी दू फूला ७५७ मध्ये हे पद मिळालं आणि पदच्युत झालेल्या एका मंत्र्याची बाजू घेतल्याने तो लगेच अडचणीतही आला. दू फू ‘कवी’ म्हणून जगभर शिकवतात. आम्ही त्याला कनिष्ठ अधिकारी म्हणून शिकवायचो.

हरकती मागवणं आणि हरकती ऐकणं यांतला फरकही तिथेच शिकायला मिळतो. सम्राज्ञी वू झेतियानने ६८६ मध्ये ब्राँझची एक पेटी बसवली. चार कप्पे होते. एकात स्वतःची शिफारस, दुसऱ्यात कारभारावरची टीका, तिसऱ्यात अन्यायाची दाद, चौथ्यात शकुन आणि गुप्त खबरा. टीकेचा कप्पा राहिला बाजूला, चुगल्यांचा महापूर आला. खबर द्यायला राजधानीला निघालेल्याला वाटेत सरकारी घोडे आणि जेवण मिळायचं. ज्या यू बाओज्याने ही पेटी घडवली, त्याच्याविरुद्धच कुणीतरी तिच्यात चिठ्ठी टाकली आणि तो मारला गेला. आपल्या मेलपेटीची तिच्याशी तुलना करणं अन्यायाचं होईल, तिच्यात टाकलेलं निदान कुणीतरी वाचत होतं.

तिसरी हरकत : किंमत. टिपणात कुणालाच काही मोजावं लागत नाही. चौऊ घराण्याच्या ली राजाने टीका करणारे हुडकायला एक मांत्रिक नेमला. तो ज्याच्याकडे बोट दाखवी त्याला मारत. लोक गप्प झाले, रस्त्यात भेटले तर नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघत. राजा खूश : मी निंदा थांबवली! शाओच्या सरदाराने त्याला बजावलं, लोकांची तोंडं बांधणं हे नदीला बांध घालण्याहून वाईट, तो फुटला की जास्त माणसं मरतात. राजाने ऐकलं नाही. तीन वर्षांत लोक उठले, राजा पळाला. ते साल इ. स. पू. ८४१, चीनच्या इतिहासातलं पहिलं पक्कं साल. कालगणनाच तिथून सुरू होते, हे सांगितलं की वर्गात कुजबुज थांबायची.

हान काळातल्या सिमा छियान या इतिहासकाराने इ. स. पू. ९९ मध्ये शत्रूच्या हाती पडलेल्या एका सेनापतीची बाजू घेतली. दंड भरायला पैसे नव्हते, त्याला खच्ची करण्यात आलं. तरी त्याने १३० प्रकरणांचा इतिहास पुरा केला. तांग दरबारातल्या हान यू या अधिकाऱ्याने ८१९ मध्ये बुद्धाच्या बोटाचं हाड राजवाड्यात आणून पुजण्यावर आक्षेप घेतला. त्याच्या अर्जात बौद्ध धर्माबद्दल जे परकेपणाचे शेरे आहेत ते आपल्याला बोचतात, आणि ते वर्गात मुद्दाम वाचावेत, कारण धाडसी माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर असतोच असं नाही. सम्राटाला मात्र झोंबलं ते वेगळंच : बुद्धाला भजणारे राजे अल्पायुषी ठरले हे वाक्य. डोकं वाचलं, पण थेट दक्षिणेला छाओझौला रवानगी झाली. सकाळी अर्ज आणि संध्याकाळी हद्दपारी, असं त्याने स्वतःच एका कवितेत लिहून ठेवलं आहे.

वेई झेंगला ही किंमत चांगली ठाऊक होती. तो तायझोंगला म्हणाला होता, मला निष्ठावंत मंत्री करू नका, चांगला मंत्री राहू द्या. फरक काय, असं सम्राटाने विचारलं. चांगल्या मंत्र्याचं नाव होतं आणि राजाचंही भलं होतं. निष्ठावंत मंत्री शांग राजाच्या बी गान या मंत्र्यासारखा मारला जातो, राजा दुष्ट म्हणून उरतो, राज्य बुडतं, आणि मागे राहतं ते त्या मंत्र्याचं नुसतं नाव. या एका संवादावर मी दर वर्षी प्रश्न काढायचो, आणि उत्तरं तपासताना झोप यायची नाही.

चौथी हरकत परिपत्रकातल्या ‘कालसुसंगतता’ या शब्दाला. नावात प्राचीन असलं तरी आम्ही मिंग काळापर्यंत जायचो (यावरून मॉडरेटरांनी मला एकदा झापलंही आहे). १५६६ मध्ये हाय रुई या अधिकाऱ्याने सम्राट ज्याजिंगला अर्ज लिहिला : आपण राज्यकारभार सोडून अमरत्वाच्या नादी लागला आहात. पाठवण्यापूर्वी त्याने शवपेटी विकत घेतली आणि घरच्यांचा निरोप घेतला. पकडा, पळून जाईल, असं सम्राट ओरडला. एक खोजा म्हणाला, तो पळणार नाही, महाराज, शवपेटी घेऊन बसलाय. पुढे चार शतकांनी वू हान या इतिहासकाराने, जो बीजिंगचा उपमहापौरही होता, हाय रुईवर नाटक लिहिलं. त्यात आजच्या नेतृत्वावर टीका आहे, असा आरोप नोव्हेंबर १९६५ मध्ये शांघायच्या वृत्तपत्रातून झाला, आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथे पडली. वू हान १९६९ मध्ये कोठडीत मेला. चारशे वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यावर लिहून माणूस जिवाला मुकतो, आणि आपण लिहिता, विषय कालबाह्य.

आपल्या बाजूने एक गोष्ट मी स्वतःच मांडतो. या सगळ्या कथा अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवल्या, त्यामुळे त्यांत अधिकारी नेहमी उठून दिसतात. आणि यांतल्या कुणीही राजाच नको असं म्हटलेलं नाही. एका मुलीने वर्गात नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हा आम्ही प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस काढला. राजा वारंवार सांगूनही ऐकत नसेल तर राजकुळातल्या मंत्र्यांनी त्याला बदलावं, आणि परक्या कुळातल्यांनी सोडून जावं, असं तो छी राज्याच्या राजाला सांगतो. ऐकून राजाचा चेहरा पडला, अशी नोंद आहे. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं. असा तास ‘नेतृत्व आणि सुशासन’मध्ये होईल का, एवढं सांगा.

माझ्या मागण्या अशा :

१. पेपर ऐच्छिक म्हणून पूर्ववत करावा. विद्यार्थी कमी असतील तर दोन-तीन महाविद्यालयांना मिळून शिकवू द्यावा. मी विनामानधन शिकवायला तयार आहे.

२. ते होईपर्यंत नव्या टिपणात वेई झेंगचं नाव, सही नाकारल्याचा प्रसंग, पाडलेली शिळा आणि ६४५ ची माघार घालावी. जमत नसेल तर टिपण काढून टाकावं. अर्ध्या तायझोंगपेक्षा तायझोंग नसलेला बरा.

३. पेपर बंद करण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त जाहीर करावं. कुणी विरोध नोंदवला असेल तर तोही त्यात असावा.

४. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावं. ‘अमान्य’ एवढा एक शब्दही चालेल, पण खाली सही हवी.

चौऊ काळातल्या विधींच्या ग्रंथात एका तांबड्या दगडाचा उल्लेख आहे. ज्याचं गाऱ्हाणं अधिकारी वर पोचवत नाहीत त्याने त्या दगडापाशी तीन दिवस उभं राहायचं, मग त्याचं ऐकून घ्यावंच लागे. आपल्या इमारतीत तसा दगड नाही, पण सभागृहाच्या दाराबाहेर एक बाक आहे. पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळी मी त्याच्यावर येऊन बसेन. गुडघ्यांमुळे उभं राहणं जमत नाही. डबा बरोबर आणतो आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक